साहेबाची डावी बाजू

नवरदेव मारुतीला निघाला होता, बेंजोवाले जीव तोडून वाजवत होते आणि मी घोडीच्या शेपटीखाली वाकून बघत होतो. असं सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. देवपूरच्या त्या रस्त्यावर त्या संध्याकाळी मात्र कोणी हसलं नाही. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या मुलाचं लग्न, मी मानाचा पाहुणा, डोक्याला फेटा, कपाळाला ओला गंध, आणि घोडीनं नेमकी माझ्यासमोर लीद टाकायला शेपटी उचलली. जरीची झूल बाजूला सरकली. वर सगळी घोडी पांढरीशुभ्र, आणि शेपटीच्या मुळाशी, जिथं केस नसतात त्या कातडीवर, काळ्या गाठी. पिकल्या जांभळांएवढ्या. एक मोठी, बाकीच्या तिला चिकटून. शेपटी खाली आली, झूल जागेवर बसली, मिरवणूक पुढे सरकली. मी दोन ढांगांत घोडी गाठली आणि सरळ शेपटी धरून वर केली. घोडी बिचारी उभी राहिली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "डॉक्टर, मुहूर्त टळतोय. तुमचं काही हरवलंय का तिथं?" मी म्हणालो, "एक मिनिट." आता यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरानं जनावराकडे बघायचं नाही तर काय करवल्यांकडे बघायचं?

खरं सांगायचं तर माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. चाळीसगाव, अमळनेर, आता धुळे. अडलेली म्हैस सोडवायची, बैलाचा खूर बघायचा, कोंबड्यांना लस टोचायची. घोडा आमच्या दवाखान्यात यायचा तो लंगडत, नाहीतर पोट फुगून, आणि उतार पडला की निघून जायचा. पण कॉलेजात असताना आमचे एक म्हातारे सर तास संपता संपता म्हणाले होते, पांढऱ्या घोड्याचं वय झालं की त्याच्या शेपटीखाली बघत जा. बस्, इतकंच. घंटा झाली, पोरं उठली, सरांनी हातावरचा खडू झटकला. काय बघायचं, का बघायचं, काही नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं नुसतं पडून होतं, घरात एखादी किल्ली असते आणि तिचं कुलूप कुठलं ते कोणाला आठवत नाही, तसं. आणि आता भर मिरवणुकीत ते कुलूप माझ्या नाकासमोर आलं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मग आनंद ओसरला आणि वाटलं, ही घोडी मरणार आहे की काय?

घरी आल्यावर प्रमिलानं डोक्याला हात लावला. माझी बायको तशी शांत, पण चुडामणचं, आमच्या एकुलत्या एका पोराचं, लग्न वैशाखात ठरलेलं; अशा वेळी बाप मिरवणुकीत घोडीची शेपटी धरतो ही बातमी अमळनेरला व्याह्यांपर्यंत जाणार, याचं तिला जास्त वाटत होतं. अक्का मात्र कोपऱ्यातून हसत होती. "काय रे भाऊ," ती म्हणाली, "घोडीनी शेपटीखाले तुले काय सोनं सापडनं का?" झुंबरअक्का माझी थोरली बहीण. लग्न झालं नाही तिचं. चुडामणला अंगाखांद्यावर खेळवला तो तिनंच. सकाळी डोळा उघडल्यापासून तिची जीभ चालू होते ती झोपेपर्यंत, ऐकायला कोणी नसलं तर चुलीशी बोलते. आणि ती बसणार ती नेहमी एकाच जागी, डावा गाल भिंतीकडे करून. डाव्या गालावर तिला जन्मापासून काळा डाग आहे, कानापासून जबड्यापर्यंत, तळहाताएवढा. मी तिला गाठींचं सांगितलं. तिनं विचारलं, "दुखस का तिले?" मी म्हणालो, दुखत नसावं, हात लावला तरी हलली नाही. "मंग ऱ्हाऊ दे ना बापा," अक्का म्हणाली, आणि पुन्हा हेडक्लार्कच्या सुनेच्या साडीबद्दल बोलायला लागली. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुखत नाही म्हणून राहू द्यायचं, हे उत्तर होतं का प्रश्न?

दुसऱ्या दिवशी मी घोडीवाल्याकडे गेलो. अन्वर त्याचं नाव. पांझरेच्या काठाला, लहान पुलाच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली त्याची दोन जनावरं. सीझनमध्ये लग्नं, एरवी टांगा. अन्वर हाडकुळा, चाळिशीचा, मिश्यांना मेंदी. मी आत शिरताच म्हणाला, "या डॉक्टरसाब, काल तुम्ही माझी इज्जत काढली. दोन पाहुण्यांनी विचारलं, घोडीला काय आजार आहे." मी माफी मागितली आणि लगेच शेपटी उचलली. तो हसला. त्या दिवसापासून आमचं जमलं. घोडीचं नाव काजल. मला वाटलं थट्टेनं ठेवलंय, पांढऱ्या घोडीला काजल. "थट्टा कसली," अन्वर म्हणाला, "जन्मली तेव्हा कोळशासारखी काळी होती. मग राखाडी झाली, मग ठिपक्यांची, मग दर साली पांढरी पांढरी. नाव कोण बदलणार?" मी तिचे केस बोटांनी बाजूला केले. खाली कातडी काळी. अगदी काळी, तव्यासारखी. केस पांढरे झाले होते, कातडी होती तशीच होती. मी तिथं मोळीवर बसून राहिलो आणि अन्वरनं चहा आणला तो गार होईपर्यंत विचार करत होतो की केसातला रंग जातो कुठं. माझे केस पिकले तेव्हा मी हा प्रश्न विचारला नव्हता. माणूस स्वतःच्या डोक्यावरचं कधी बघतो?

अन्वरला मात्र वेगळाच घोर होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांचा बाजार भरतो तिथं, लांबलांबून व्यापारी येतात. एका व्यापाऱ्यानं काजलला बघून सांगितलं होतं की हे रक्तातलं आहे, एकाचं दुसऱ्याला लागतं, एक दिवस नवरदेव पाठीवर असताना गाठ फुटेल आणि काळी शाई वाहील. अन्वरच्या मनात ते बसलं. त्याचं म्हणणं, एकतर डॉक्टरसाब तुम्ही कापून द्या, नाहीतर झूल घालून यात्रेत विकून टाकतो. उरलेल्या एका जनावरावर भागवीन. ते दुसरं जनावर म्हणजे साहेब. साहेब नुकरा होता, जन्मताच पांढरा. काजलसारखी खाली काळी कातडी नाही, खाली गुलाबी, नाकपुड्या गुलाबी, पापण्या गुलाबी. उन्हात लाल होतो म्हणून गल्लीनं नाव ठेवलं साहेब. सात गावची माणसं त्याच्यासाठी लग्नाची तारीख पुढेमागे करायची. व्यापारी साहेबासाठी जीव टाकत होते आणि अन्वर म्हणत होता, साहेबाला काही विकणार नाही. "एक उस्ताद म्हणतो, घोड्याच्याच शेपटीचा केस काजलच्या गाठींना करकचून बांधा, आपोआप गळून पडतील. माणसांच्या चामखिळी नाही का पडत? अर्धं देवपूर माझ्याकडे केस मागायला येतं."

ते खरंच होतं. मी बसलो असताना एक बाई येऊन साहेबाच्या शेपटीचा केस घेऊन गेली, पोराच्या मानेवरच्या चामखिळीला बांधायला. पण मला चाळीसगावचा घोडा आठवला. स्टेशनवरचा टांग्याचा तांबडा घोडा; छातीवर, पट्टा घासतो तिथं, चामखिळीसारखा एक मस. टांगेवाल्यानं केस बांधला. मस वाळला, पडला, टांगेवाल्यानं पेढे वाटले. पावसाळा गेला आणि त्या जागी फुलकोबीएवढं लाल मांस वर आलं, माशा घोंगावणारं, शेजारी आणखी दोन. तेव्हा मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आता जुनी पुस्तकं काढली, रोज संध्याकाळी वाचायला लागलो, प्रमिला म्हणाली सून यायच्या आधी हे काय वेड. घोड्याच्या कातडीवरच्या गाठी सगळ्या एका जातीच्या नसतात, हे मला तेव्हा उमजलं. एक असते मसासारखी, ती सगळ्यांत जास्त दिसते, आणि तिला अर्धवट छेडलं की चवताळते. एक असते ही काळी, पांढऱ्या झालेल्या घोड्याच्या शेपटीखाली, ओठावर, जबड्यामागे. वर्षानुवर्षं बसून राहते, आणि कधी कधी, सगळ्यांची नाही पण काहींची, आत पसरते नाहीतर लीद अडवते. तिसरी एक पुस्तकात होती, ती मी वाचून पान उलटलं, कारण माझ्या डोळ्यांपुढे काजलची जांभळंच होती. मी रोज ऑफिस सुटलं की पांझरेकाठी जायचो. गाठी दाबून बघायचो, कठीण आहेत का, कातडी त्यांच्यावरून सरकते का. जबड्यामागे हात घालायचो, तिथं काही नव्हतं. लीद बघायचो. मी लीद हातात घेऊन फोडली तेव्हा अन्वरची बायको सितारा तोंडाला ओढणी लावून आत पळाली. मी असा काजलच्या शेपटीशी गुंतलेला असायचो आणि मागं साहेब माझा शर्ट चावायचा. मी त्याला कोपरानं बाजूला ढकलायचो.

आणि त्या सगळ्या दिवसांत मला अक्का आठवत राहायची. ती बारा-तेराची असेल, मी तिच्याहून लहान, तेव्हा आमच्या बानं एका वैदूला घरात आणलं होतं. पाहुणे येऊन डाग बघून परत जातील, आधीच काढून टाका. वैदूनं डागाला बिब्बा लावला. त्या रात्री अक्का जी ओरडली ते माझ्या कानात अजून आहे. गाल सुजला, फोड आले, पाणी वाहिलं. डाग गेला नाहीच, त्याच्या कडेला एक पांढरट, आवळलेली रेघ तेवढी वाढली. मग पाहुणे आले आणि परत गेले, कधी डाग बघून, कधी रेघ. अक्काला त्या डागानं आयुष्यात काही केलं नाही. ताप नाही, ठणका नाही. जे केलं ते डाग बघणाऱ्यांनी केलं. मी अन्वरला सांगितलं, "काजलच्या गाठींना हात लावायचा नाही. केस नाही, बिब्बा नाही, चाकू नाही. दर महिन्याला मी बघीन. वाढल्या तर तेव्हाचं तेव्हा. आज ही घोडी धडधाकट आहे." तो म्हणाला, "तुम्हाला काय जातं सांगायला." मला राग आला, पण त्याचंही खरं होतं.

यात्रेच्या आधी दहा-बारा दिवस असतील. मला दौऱ्यावर जायचं होतं म्हणून मी संध्याकाळऐवजी सकाळीच गेलो. थंडी होती, सितारा नुकतीच उठून चूल पेटवत होती, अन्वर नदीवर. साहेब छपराच्या तोंडाशी उन्हात उभा होता. मी नेहमीसारखा त्याला ओलांडून काजलकडे चाललो आणि थांबलो, कारण साहेब मला साहेबासारखा दिसेना. मग कळलं, त्याच्या डोळ्यांत सुरमा नव्हता. सितारा त्याला रोज सकाळी सुरमा घालायची. गुलाबी डोळे उघडेबोडके दिसतात, गिऱ्हाइकाला आवडत नाहीत, शिवाय उन्हाला बरा, असं तिचं म्हणणं. वरून सेहऱ्याच्या झिरमिळ्या. मी त्या घोड्याला कितीतरी दिवस बघत होतो आणि त्याचा उघडा चेहरा मी एकदाही बघितला नव्हता. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, गालावर त्याचा ओघळ वाळला होता. आतल्या कोपऱ्यात, जिथं घोड्याला तिसरी पापणी असते, तिथं डाळिंबाच्या दाण्याएवढं काहीतरी. लाल, ओलं, खरबरीत. खालच्या पापणीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली. मी वाकलो. पुस्तकातलं ते उलटलेलं पान माझ्यापुढे उघडं झालं. पांढरं जनावर, गुलाबी कातडी, ऊन, डोळा. लहान दिसते, बरी न होणाऱ्या जखमेसारखी दिसते, आणि खात जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साहेबानं सवयीनं माझा शर्ट तोंडात धरला, आणि मी या वेळी तो सोडवून घेतला नाही.

"सुरमा झोंबतो म्हणून पाणी येतं, असं मी समजत होते," सितारा म्हणाली. "पण मी घालतेच. न घालून कसं चालेल?" अन्वर नदीवरून आला, त्याला दाखवलं, तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "डॉक्टरसाब, तुम्ही माझी गंमत करता का? तिकडे लिंबांएवढी गाठोडी लोंबतायत त्यांना म्हणता हात लावू नका, आणि हा एवढासा दाणा म्हणता जीव घेईल?" मला स्वतःलाच ते पचायला वेळ लागला. जे काळं आहे, मोठं आहे, किळसवाणं आहे, त्याला माणूस भितो. जे लहान आहे आणि सुरम्यात लपतं त्याला नाही. मी दाण्याचा एक बारीक कण काढून बाटलीतून मुंबईच्या कॉलेजला पाठवला, ओळखीच्या माणसानं हातोहात नेला. उत्तर मला आधीच माहीत होतं, तेच आलं, कॅन्सर. पापणी खाऊन ते आत, डोळ्याच्या पांढऱ्यावर पोचलं होतं. नुसता दाणा काढून भागणार नव्हतं. डोळाच काढायला हवा होता, आणि लवकर.

अन्वरनं साहेबाच्या आयाळीतून हात फिरवला. मग म्हणाला, "काण्या घोड्यावर कोण बसवतो पोराला?" आमच्याकडे लग्नात काणं जनावर दारात चालत नाही, मग वर नवरदेव बसवणं दूरच. "परवा यात्रा आहे," तो हळूच म्हणाला. "सुरमा घालून उभा केला तर दुपारच्या आत जाईल. घेणाराही खूश. आणि काजल राहील मला, तुम्हीच म्हणता ती धडधाकट आहे." त्याचं गणित चोख होतं. माझ्याच सांगण्यावरून त्यानं ते मांडलं होतं. तेवढ्यात सितारा चुलीपासून उठली. तिला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "याची आई मेली तेव्हा याला बाटलीनं दूध कोणी पाजलं? तुम्ही? मी पाजलं. दुसऱ्याच्या दारात हा सडून मरेल आणि मी इथं पोळ्या लाटू? न्या यात्रेत. मग मलाही न्या, मला पण सुरमा घाला." अन्वर खाली बघत राहिला. आणि तिथं, काही विचार न करता, मी बोलून गेलो, "वैशाखात माझ्या चुडामणचं लग्न आहे. माझ्या दारात साहेबच येईल. एका डोळ्याचा." अन्वरनं मान वर केली. "शब्द देताय?" मी म्हणालो, "दिला." सायकलवर बसून पूल ओलांडताना माझ्या लक्षात आलं की प्रमिलाला हे सांगायचं आहे.

डोळा काढला. माझा एक मित्र शिरपूरला होता, उमेदीत पुण्याच्या रेसच्या घोड्यांत काम केलेला, त्याला बोलावलं. सुस्तीचं इंजेक्शन, डोळ्याभोवती बधिर करायचं औषध, पाय बांधून साहेबाला गवतावर आडवा केला. सितारानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. पापण्या एकमेकींना शिवून टाकल्या. टाके वाळले तेव्हा डोळा मिटून झोपल्यासारखी ती बाजू दिसायला लागली. पण घोडा बदलला. डाव्या बाजूनं कोणी गेलं की दचकायचा, भिंतीला अंग घासायचा, मागचा पाय उचलायचा. आणि घोड्यावर चढतात ते डावीकडूनच. अन्वर म्हणाला, "शिकवीन उजवीकडून." शिकवत होता, पण एकदा तर साहेबानं त्यालाच आडवा केला.

अक्काला मी मलमपट्टीचं रोज सांगायचो. एके दिवशी ती चप्पल घालून दारात उभी. "चाल, माले दखाड तुना तो घोडा." अक्का बाहेर जाते ती फक्त दळण आणि देऊळ, पदर डाव्या बाजूनं पुढे ओढून. मी तिला घेऊन निघालो. तिनं शिळ्या भाकरीचा तुकडा आणला होता. तिथं जाऊन तिनं विचारलं, याला कुठल्या बाजूनं दिसत नाही, आणि नेमकी त्याच बाजूला, मोळीवर, बसली. मी म्हणालो अक्का, तिकडून लाथ मारतो. "माले नही मारस," ती म्हणाली आणि बोलायला लागली. काय बोलत होती? भाजीवालीनं वांगी कशी किडकी दिली, प्रमिलाच्या कंबरेत चमक भरली, चुडामणनं लहानपणी कणीक कशी खाल्ली. साहेबाचा डावा कान तिच्याकडे वळला आणि वळलेलाच राहिला. मग ती रोज यायला लागली. मी पट्टी करायचो, सितारा चहा करायची, अक्का बोलायची. एकदा बोलता बोलता तिचा पदर खांद्यावरून घसरला आणि तिनं तो सावरला नाही. घोड्याला ती बाजू दिसतच नव्हती. मला ते दिसलं आणि मी उगाच बाटलीचं बूच शोधत बसलो.

प्रमिलाला सांगितलं तेव्हा ती रडली. "एकुलतं एक पोर," ती म्हणाली, "आणि तुम्हाला साऱ्या धुळ्यात काणाच घोडा मिळाला?" चुडामण म्हणाला, "आबा, मला चालेल, पण अमळनेरच्यांना चालेल का?" तोच तर प्रश्न होता. अमळनेरला पाण्याचे हाल म्हणून लग्न आमच्याच दारी ठरलं होतं. वैशाखातली संध्याकाळ, गॅसबत्त्या पेटलेल्या, बेंजो लागलेला. अन्वर दोन्ही जनावरं घेऊन आला. साहेबाच्या मिटल्या डोळ्यावर त्यानं मोगऱ्याच्या माळा सोडल्या होत्या, आणि मागं काजल, झूल घालून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टरसाब, काजल आणलीय सोबत. शब्द परत घेतला तर मी राग धरणार नाही." चुडामणला उजवीकडून चढवला. भटजींनी भुवया उंचावल्या. घोडा दहा पावलं नीट चालला, मग कोणीतरी डाव्या बाजूला फटाक्यांची माळ लावली. साहेब आडवा उडाला. चुडामणचा फेटा सुटला, माळा तुटल्या, आणि ती शिवलेली बाजू गॅसबत्तीच्या उजेडात सगळ्यांपुढे उघडी पडली. बेंजो थांबला. "अरे, हा तर काणा आहे," कोणीतरी म्हणालं. व्याही पुढे आले, भला माणूस, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, ती दुसरी घोडी आहे ना तुमच्याकडे, पांढरी, चांगली. ती घ्या. माझ्या पोरीचं पहिलं पाऊल आहे." चांगली घोडी. झुलीखाली काय आहे ते त्या गर्दीत आम्हा चार-दोघांनाच माहीत. मी अन्वरकडे बघितलं. तो काजलची दोरी सोडायला वाकला होता. साहेब थरथरत होता, त्याच्या मानेवर घाम आला होता. मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं.

"थांब रे भाऊ," मागून आवाज आला. अक्का. लग्नघरात ती नेहमी मागच्या खोलीत, तांदूळ निवडत. ती बायकांतून वाट काढत आली, नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, आणि साहेबाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याच्या मानेवर हात ठेवला. घोड्याचा कान वळला. "या बाजूले मी चालस," ती म्हणाली. "माले बोलानी सवय शे, याले ऐकानी." व्याह्यांकडे तिनं बघितलं नाही, बेंजोवाल्याला म्हणाली, "वाजाड ना बापा, झोपना का?" व्याही माझ्याकडे बघत होते. मी खांदे उडवले. माझ्या घरात थोरली तीच आहे. बेंजो हळूहळू सुरू झाला. मिरवणूक हलली.

मी उजवीकडून चालत होतो, तिथून मला नुसता तिचा आवाज येत होता. मग राहवेना, मागून वळसा घालून मी डाव्या बाजूला गेलो. घोडा तिच्या उजव्या हाताला होता, म्हणजे तिचा डावा गाल रस्त्याकडे. गॅसबत्ती डोक्यावर घेतलेली बाई अगदी शेजारून चालत होती. तो डाग, ती आवळलेली रेघ, सगळं लख्ख उजेडात, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून देवपूर बघत होतं. उभ्या जन्मात मी तिला असं चालताना बघितलं नव्हतं. ती घोड्याला त्याच्या न दिसणाऱ्या बाजूचं सगळं सांगत होती. "हाई किराणा दुकान शे. हाऊ पोरगा फटाका लाई ऱ्हायना, आते वाजी, घाबरू नको. हाई गटार शे, जरासा तिकडे सरक. आनि या अमळनेरवाला शेतस, मन्हा गालले देखी ऱ्हायनात." फटाका वाजला. साहेबाचा कान तिच्याकडेच होता. "देखू दे त्यासले," अक्का म्हणाली, "तू चाल."